ओट्याखालची खाण

शेजारच्या शिंप्याच्या परसात खड्डा खणताना हिरवा खडा निघाला, तेव्हा सुतार हसला होता. “बाटलीची काच असेल,” म्हणाला. पण लवकरच शहरातून व्यापारी यायला लागले, भिंगाखाली धरून हिरवे, गुलाबी खडे विकत घ्यायला लागले, आणि सुताराचं कामावरून लक्ष उडालं.

आधी त्याने आपलं परस खणलं. तिथे नुसतं पाणी लागलं. मग एका सकाळी तो पहार घेऊन स्वयंपाकघरात आला.

“अहो, मी स्वयंपाक कुठे करू?” बायकोने विचारलं.

“चार दिवस अंगणात कर. शिंप्याकडचा खड्यांचा पट्टा सरळ आपल्या ओट्याखाली येतोय.”

आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई म्हणाल्या, “लोक डोंगर पोखरतात, निदान उंदीर तरी निघतो. हा घर पोखरतोय.”

डाळीएवढी गुलाबी कपची निघाली. व्यापाऱ्याने ती परत दिली. रंग फिका, आतून तडकलेली. सुताराने घरी येऊन एवढंच सांगितलं, “खरी आहे म्हणाला.”

बायकोने मोठ्या दिरांना बोलावून घेतलं. घरात त्यांचाच काय तो शब्द चालायचा. “भावोजी, तुम्ही तरी समजवा.” ते खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उभे राहिले, ती कपची उजेडात धरून पाहिली. मग सदरा काढून खुंटीला अडकवला आणि खाली उतरले.

पुढे स्वयंपाकघराचं दार लागेना.

“चौकट तिरकी झालीय,” ती म्हणाली. “भिंत खचतेय.”

“हवेने लाकूड फुगलंय,” सुतार तिच्याकडे न बघता म्हणाला. लोकांच्या घरी दार नुसतं घासलं तरी हाच माणूस आधी पाया बघायला सांगायचा.

तिने शिंपिणीच्या मदतीने सासूबाईंना उचलून शेजारच्या ओसरीवर नेलं. दुपारी दोघे भाऊ अंगणात जेवत असताना भिंत आत कोसळली. ती धावत आली. धुरळ्यात दोघेही उभे दिसले. आता तरी संपलं, असं तिला वाटलं.

सुताराने ढिगाऱ्याकडे पाहिलं. “दादा, या बाजूने उतरायला आता सोपं जाईल,” म्हणाला, आणि पाटी उचलली.

तिने त्याचा दंड धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला, रागावला मात्र नाही. ती तशीच शेजारी परतली.

“काय गं पडलं?” सासूबाईंनी विचारलं.

“भिंत, आई.”

“आणि तो?”

“खणतोय.”