एकाच आडनावाचे आठ शब्द

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे भट्टीवाली म्हणत. चादरी वाळवायची मशीनं बावीस वर्षं तिच्या ताब्यात होती. दारावर तळवा टेकवला की आतल्या चादरी किती वाळल्या ते ती सांगायची, आणि तिचा अंदाज सहसा चुकत नसे. मशीनपुढे बसून काम करता यायचं. उजवा गुडघा कामातून गेल्यापासून तेवढ्यावरच तिची नोकरी टिकून होती.

मग जुनी मशीनं गेली, नवी आली. नवं मशीन पडद्यावर इंग्रजीत सांगायचं: गरम आहे, ओलं आहे, जाळी भरली आहे. जुन्या मशीनवर एका बाईचा हात भाजला होता, म्हणून वरून नियम आला की आधी पडदा वाचायचा, मगच हात लावायचा.

मुकादमानं तिला बाजूला घेतलं. "मावशी, आठच शब्द आहेत. गुरुवारी साहेब येऊन विचारतील. पाच आले तरी मशीन तुमचंच."

"आणि नाही आले तर?"

"मग घडीचं टेबल."

तिथे चादरींच्या घड्या घालत आठ तास उभं राहायचं. तिचा गुडघा दोन तासांच्या पुढे साथ देत नव्हता.

घरी नणंद होती. नवरे गेल्यावर दोघी दोन खोल्यांत एकत्र राहत. नणंद औषधाच्या दुकानात पुड्या बांधता बांधता इंग्रजी वाचायला शिकली होती आणि हे दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची. भट्टीवालीला स्वतःच्या भाषेतली अक्षरंसुद्धा पन्नाशीनंतर तिनंच शिकवलेली.

नणंदेनं मुकादमानं दिलेला शब्दांचा कागद डोळ्यांजवळ धरला नि ती हसली. "वहिनी, सोपं आहे गं! आठही शब्दांचं शेवटचं अक्षर एकच, टी. म्हणजे आडनाव एक झालं. आता नुसती नावं लक्षात ठेवायची."

"आठ भावंडं? त्यांच्या आईचे काय हाल झाले असतील, वन्सं!"

"आईची काळजी नंतर कर. आधी लेकरं ओळखायला शीक."

नणंदेनं आठ चिठ्ठ्या केल्या आणि घरभर लावल्या. हॉट म्हणजे गरम, ती पाण्याच्या तापल्या पातेल्याजवळ. वेट म्हणजे ओलं, ती टॉवेलला टाचणीनं. हीट म्हणजे उष्णता, ती शेगडीमागं. स्टार्ट म्हणजे सुरू करा, ती पंख्याच्या बटणापाशी. शट म्हणजे बंद, ती दारावर. आउट म्हणजे बाहेर, ती जिन्याच्या कठड्याला. लिंट काय ते नणंदेलाही ठाऊक नव्हतं. दुकानदाराला विचारून आली: जाळीत साठतो तो कपड्यांचा भुसा.

"आणि हा फॉल्ट? म्हणजे बिघाड. हा कुठे लावायचा?" म्हणत तिनं शेवटची चिठ्ठी वहिनीच्या उजव्या गुडघ्याला चिकटवली. दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

भट्टीवाली प्रत्येक वस्तूला हात लावायची नि शब्द म्हणायची. बुधवारपर्यंत कुठलीही चिठ्ठी उलटसुलट दाखवली तरी ती अर्थ सांगत होती.

गुरुवारी साहेब आले. माणूस मऊ आवाजाचा होता. मशीन रिकामं होतं. त्यांनी एक बटण दाबलं आणि पडद्यावर शब्द उजळला.

हॉट. तिनं बघताक्षणी ओळखला. तोंड उघडायच्या आधी बावीस वर्षांच्या सवयीनं हात दारावर गेला. दार गार होतं.

मुकादम खोकला. तिनं हात मागं घेतला, पण मनात घोटाळा झालाच. गार मशीनला गरम कोण म्हणेल? आपणच चुकीचं वाचलं असणार. दार तर बंद दिसत होतं. "शट," ती म्हणाली. "बंद."

साहेबांनी कागदावर खूण केली.

वेट आला. तिनं काचेतून आत बघितलं. आत एकसुद्धा चादर नव्हती, सगळं कोरडं ठणठणीत. ओलं कशाला म्हणायचं? ती गप्प राहिली. लिंट आला, तर जाळी नवी कोरी, चकाकत होती. फॉल्ट आला, तर मशीन परवाच बसवलेलं. पुढचे चार शब्द तिनं धडाधडा सांगितले, कारण तोवर तिनं मशीनकडे बघणंच सोडलं होतं.

"चार," साहेब म्हणाले.

"मावशी, हे नुसतं विचारायला होतं हो," मुकादम हळहळला. "मशीन चालूच नव्हतं."

"पहिला हॉट होता. गरम. मी ओळखला होता, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"गार मशीनला गरम कसं म्हणू?"

साहेबांनी कागद खाली घेतला. "पण बाई, तुम्ही आधी हात लावलात. खरंच गरम असतं तर? नियम त्याचसाठी आहे ना." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती.

दुपारी बदलीचा कागद आला, तो तिच्याच भाषेत. मुकादम म्हणाला, "वाचून दाखवू?" तिनं मानेनंच नको म्हटलं नि स्वतःच बोट फिरवत वाचत गेली. कुणी घाई केली नाही. आजपासून घडी विभाग, काम उभ्यानं. एकही शब्द अडला नाही. खाली तिनं पूर्ण सही केली.

घडीच्या टेबलाशी दोन बायकांनी सरकून तिला जागा दिली. समोरचीनं चादरीचं टोक तिच्याकडे टाकलं. चार चादरी झाल्या, दहा झाल्या. ढीग तेवढाच दिसत होता. गुडघ्यातून कळ निघाली तसं तिनं कोपर टेबलावर टेकलं.

"मावशी, रेलू नका हां," समोरची म्हणाली. "घडी मोडते."

तिनं कोपर उचललं नि पुढच्या चादरीचं टोक धरलं.