भोंग्यानंतरचा चहा

“दरवाजे तीनला म्हणजे तीनलाच उघडणार, बाई. माझ्या घड्याळात रबर नाही. तुम्ही शिकलेल्या दिसता, घरी नीट सांगा,” धरणावर नव्याने आलेले साहेब, पाक सिहोतांग, मला म्हणाले होते. मी “हो, हो” करून मान डोलावली. आमच्या जावा बेटावर हो म्हणायला काही लागत नाही.

‘पाक’ म्हणजे आमच्याकडे बाबा किंवा साहेब. हे साहेब सुमात्राचे, रोखठोक. त्यांनी गावसभा सातची लावली आणि सातला येऊन रिकाम्या खुर्च्यांसमोर एकटेच बसले. आम्ही सव्वाआठला जमलो. वेळेवर जाणं म्हणजे यजमानाला अंघोळीत गाठणं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटलं, चार महिन्यांत मऊ पडतील. आधीचेही पडले होते.

आधीचे साहेब भोंगा वाजवायचे आणि चहा मागवायचे. चहा झाला की रखवालदाराला नदीत हाका मारायला धाडायचे. वाळूचा शेवटचा ट्रक वर आल्यावर मग धरणाचे दरवाजे उघडायचे. त्यामुळे पात्रात वाळू काढणाऱ्यांच्या लेखी भोंगा म्हणजे ‘आवरायचा विचार करा’ एवढंच. माझा नवरा वाहोनो भोंगा ऐकून लवंगेची सिगारेट पेटवायचा.

त्या दिवशी वर डोंगरात पाऊस होता. माझ्या मुलीच्या, लारासच्या अंगात कणकण होती. अडीचला भोंगा झाला. मी फोन लावला.

“मास,” नवऱ्याला आम्ही अशीच हाक मारतो, “निघालात का?”

“निघालोय. वाटेतच आहे.”

मागे खर्र खर्र फावडं चालत होतं.

“वाटेत फावडं कसलं वाजतंय?”

तो हसला. “तू पोलिसात जायला हवं होतंस. अगं, एवढा ट्रक भरला की आलोच. साहेबांचा चहा तरी होऊ दे.”

“ते चहा पीत नाहीत.”

“मग कॉफी पितील.” फोन कट.

सासूबाई परसातून आत आल्या. आम्ही त्यांना सिम्बोक म्हणतो.

“काय म्हणाला?”

“निघालोय म्हणाले.”

“मग येईल की. चेहरा बघ कसा झालाय! तुला सगळ्याचीच घाई. पोरगीसुद्धा आठव्यातच आणलीस.”

मी लारासला झोळीत बांधलं आणि बाहेर पडले.

वाटेत एका अंगणात जेवणाचा कार्यक्रम होता. म्हातारी मंडळी चटईवर उशिराच्या पाहुण्यांची वाट बघत बसली होती. रस्ता त्यांच्या पुढूनच. मोठ्यांसमोरून जाताना कमरेत वाकायचं, एक हात खाली सोडायचा, सावकाश चालायचं. धावत जाणं म्हणजे त्यांच्या पानावरून उडी मारणं.

“बस की गं, दोन घास खा. कुठे आग लागलीय?”

“नदीवर जाते, पाक. भोंगा झाला.”

“आत्ता तर झाला! वाहोनो ना? तो लग्नालासुद्धा वरातीच्या मागून आलेला.”

सगळे हसले. मीही हसले. वाकून, एकेकाला उत्तर देत, सावकाश पुढे सरकले. ती चटई मला संपेचना.

कोपऱ्यापलीकडे गेल्यावर धावले. बांबूच्या बेटाशी पोचले तेव्हा आधी आवाज आला, खडीचे ट्रक एकदम ओतल्यासारखा. नदी वहाणांच्या चामड्याच्या रंगाची झाली होती. दोघेजण काठाच्या मुळांना धरून लोंबकळत होते. मी त्यांचे चेहरे पाहिले, परत पाहिले. ट्रकची चाकं वर आली, फिरली, गेली.

चौकशी झाली. दरवाजे बरोबर तीनला उघडले होते. साहेबांचं काही चुकलं नव्हतं, आणि तेच कागदावर आलं.

वाहोनो सापडला नाही. सातव्या दिवशीची प्रार्थना सातची ठेवली होती. लोक साडेआठपर्यंत येत राहिले, हळहळले, सावकाश जेवले. कुणाचंही वागणं वाईट नव्हतं.

आता मी शहरात कामाला असते, लारास माझ्याजवळ. सिम्बोक यायला तयार नाहीत. रोज दुपारी केळीच्या पानात भात बांधून त्या नदीवर जाऊन बसतात. “निघालोय म्हणाला होता ना तुला?” एवढंच विचारतात. फावड्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही. फोन केला तर म्हणतात, “घरीच आहे गं.” मागे पाण्याचा आवाज असतो.

तुमचं कधी आमच्या नदीवरच्या पुलावरून जाणं झालं, तर गाडी थांबवून खाली बांबूंकडे बघा. फिकट लुगडं, मांडीवर भाताची पुडी. नुसतं बघून मला कळवलंत तरी चालेल. पण भोंगा वाजला असेल तर खाली उतरा. त्या “आलेच” म्हणतील. त्यावर जाऊ नका. हात धरा आणि वर घेऊन या.