पर्जन्यबाबांचा आलेख

मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर पर्जन्यबाबा आणि त्यांच्यामागे दोन पुरुष उंचीचा आलेख. वर्षानुवर्षं घसरत आलेला पाऊस, आणि बाबांनी आश्रम बांधला त्या वर्षापासून सरळ वर चढलेली रेघ!

"ढग माझं ऐकतात असं मी म्हणत नाही," बाबा डोळे मिटून म्हणाले. "वेधशाळा म्हणते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आलेख खरंच वेधशाळेतला होता. पावसाच्या जुन्या, वाळवी लागलेल्या नोंदी वाचून पूर्वीचं हवामान जुळवणारी तिथली संशोधक पहिल्या रांगेत बसली होती. तिचा कच्चा आलेख तिच्या आईनंच कौतुकानं आश्रमात नेऊन दिला होता. बाबांनी तिला वर बोलावून फुलांचा गुच्छ दिला. आईचे भरून आलेले डोळे पाहून तिनं तो घेतला.

"मी असताना नवा तलाव कशाला?" बाबा गरजले. आठवड्याभरात तलावाचं खोदकाम थांबलं.

एकदा जेवताना आई म्हणाली, "काय धडाडी गं बाबांची! तुमच्या पाऊस मोजायच्या भांड्यावर ते अवाढव्य झाड वाकलं होतं ना, आश्रम बांधताना एका दिवसात आडवं केलं."

तिच्या हातातला घास हातातच राहिला.

सकाळी ती धावतच भांड्यापाशी गेली. त्याला खेटून तोडलेल्या झाडाचा बुंधा होता. मग तिनं गावातल्याच गिरणीनं स्वतःच्या भांड्यात मोजलेल्या पावसाच्या नोंदी शोधल्या. तिथला पाऊस ना घटला होता, ना वाढला होता. झाड पसरत गेलं तसं भांड्यात पाणी कमी पडत गेलं. झाड गेलं आणि पाणी वाढलं. ढगांना पत्ताही नव्हता.

"आई, आधी जाऊन बघायला हवं होतं मी. चुकलं माझं."

"आता चारचौघांत हसं करून घेणार? माझंही?"

"हो."

बाबांच्या पुढच्या सभेत तिनं तोडलेल्या झाडाबद्दल सांगितलं, गिरणीचे आकडे वाचून दाखवले आणि व्यासपीठावर दोन सारख्या बादल्या ठेवल्या. एकीवर छत्री धरली आणि आश्रमाच्या माळ्याला नळीनं फवारा मारायला सांगितला. छत्रीखालची बादली जेमतेम ओली झाली. तिनं छत्री मिटली, तशी तीही भरू लागली.

"बघा, मी आत्ता पाऊस वाढवला!"

हशा पिकला. बाबा उसळले, "झाडाच्या रूपात दुष्काळच उभा होता! मी तो छाटला!"

"मग गिरणीत का नव्हता दुष्काळ?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. बाबांची एकदम समाधी लागली.

तिला मात्र हसू येईना. समोर आई मान खाली घालून बसली होती.

"हसू नका," ती म्हणाली. "यांनी फसवलं, पण आलेख माझा होता. न तपासता मी तो हातातून जाऊ दिला आणि वर फुलं घेतली. त्याची मला लाज वाटते. तलावाचं काम पुन्हा सुरू करा. आणि कुणीही, अगदी मीसुद्धा, आकडा दाखवला तर हात जोडण्याआधी एवढं विचारा: हा मोजला कसा?"