टबातली शतावरी आणि न कापलेले पडदे

*बिया दिवसभर कोमट पाण्यात भिजवाव्यात.*

शतावरीच्या बियांच्या पुडीवर छापलं होतं, तशा भिजवल्या. चहाच्या कपात, शिलाई मशीनशेजारी. काळ्या, टणक, बाहुलीच्या झग्याला शोभतील अशा बटणांएवढ्या. ती पडद्याची दुमड उसवत होती आणि मधूनच कपात डोकावत होती, जणू आत कुणी पोहायला शिकत होतं.

पडदे हिरवे, लग्नानंतरच्या पहिल्या घरापासूनचे. घरं बदलली, पडदे तिने कधी कापले नाहीत. नवऱ्याचं काम पूल बांधायचं. पूल दोन्ही काठांवरून निघायचा, मधोमध येऊन भेटायचा, आणि तो जुळला की यांचं बिऱ्हाड हलायचं. नव्या गावातली खिडकी बुटकी निघाली तर ती पडद्याची दुमड वाढवायची, उंच निघाली तर सोडायची. जादा कापड आतल्या आत जपून. प्रत्येक खिडकीची एक फिकी रेघ पडद्यावर उरलेली. ऊन आलं की सगळी घरं एकाखाली एक उजळायची, आणि आपण नेमक्या कुठल्या घरात बसलोय हे तिला क्षणभर आठवायचं नाही.

या घराच्या गच्चीत कुणीतरी आंघोळीचा जुना बिडाचा टब टाकून गेलं होतं. चार माणसांना हलायचा नाही असा. ती त्याच्या काठावर बसली आणि तिच्या मनात आलं, जे ट्रकमध्ये चढवता येत नाही असं काहीतरी एकदा लावून बघावं.

*उगवायला महिनाही लागतो. धीर धरावा.*

नणंदेने धरला नाही. चार दिवस राहायला आली होती, येता-जाता खिडकीतल्या, बिया पेरलेल्या ट्रेची काळी माती बघून हसायची. कोंब खायला तिसरं वर्ष उजाडावं लागतं हे कळल्यावर तर तिने कपाळावर हात मारला.

"लाव बाई वहिनी, लाव. पण तोवर तुमचं बिऱ्हाड कुठल्या गावी असेल, ते विचारलंस का पुडीला?"

तीही हसली. हसू ओसरल्यावरही तोंड तसंच राहिलं. विचारायचं होतंच. पुडीला नव्हे.

*रोपं फार नाजूक असतात.*

दोऱ्यासारखी. अगदी हिरव्या दोऱ्यासारखी.

आणि या घरात दोरे कुठे नसायचे? उशीवर, भातात, नवऱ्याच्या बाहीवर. त्याची सवय अशी की दोरा दिसला की उचलायचा, बोटांत वळून गोळी करायची, खिशात टाकायची. पुलावरचे लोक म्हणायचे, साहेबांच्या खिशात अख्खं शिंप्याचं दुकान आहे.

त्या सकाळी ती बाजारात गेली होती. त्याने ट्रे बघितला. मातीवर हिरवे दोरे पडलेत. उसवलेल्या पडद्याचेच असणार. एकेक करून वेचले. जरा अडकल्यासारखे वाटले म्हणे, पण माणूस कामाला निघालेला.

दुपारी तो घरी आला. अवेळी. दारातच उभा राहिला, तळहात उघडा. नदीत टाकायला म्हणून गोळी काढली तर टोकाला काळी बी लोंबत होती, पांढऱ्या मुळासकट.

"हे दोरे नव्हते ना गं?"

तिने हात पुढे केला. गोळी घेतली, त्याच कपात पाण्यात सोडली. एकही जगलं नाही.

पडद्याच्या आडोशाला, जिथे त्याचा हात पोचला नव्हता, तिथली मूठभर रोपं तेवढी वाचली. दुसऱ्या दिवसापासून ती उठायच्या आधी ट्रेला पाणी घातलेलं असायचं.

*तुरे पिवळे पडले तरी मुळं जिवंत असतात.*

टबात गेल्यावर रोपं वाढली. उन्हाळ्यात टबातून हिरवा धूर निघाल्यासारखं दिसायचं. ती धुराशेजारी बसून लोकांच्या पँटी आखूड करायची आणि पेंगायची. पेंगेत टब पाण्यावर असायचा, गच्ची वाहत असायची, दोन्ही काठांवरून तुरे वाकत वाकत मध्ये यायचे. भेटायच्या आत ती दचकून जागी व्हायची.

थंडीत सगळं पिवळं पडलं. नवऱ्याने काही उपटलं नाही. रोज नुसता वाकून बघायचा, देवमाणूस.

*पहिली दोन वर्षं कोंब कापू नयेत.*

दुसऱ्या वर्षीचे कोंब विणायच्या सुईएवढे. त्याच आठवड्यात पूल जुळला.

"दोन-चार कापून खाऊ या का?" तो म्हणाला. "चव तरी कळेल."

"नाही."

एवढंच. आता कापले तर ते निरोपाचं जेवण झालं असतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या घरच्या खिडकीचं माप दर वेळी तोच आणायचा, सिगारेटच्या पाकिटावर लिहून. ती दुमड उसवून वाट बघत बसली. संध्याकाळी तो आला. खिशात हात घालेल म्हणून ती त्याच्याकडे बघत होती. त्याने तिच्या गळ्यातली टेप काढून घेतली, स्टुलावर चढला आणि समोरचीच खिडकी मापायला लागला.

"ही तर आपलीच."

"हिचंच माप लिहून घे." तो खिडकीशीच बोलला. पूल बांधून झाला तरी कुणीतरी त्याचे बोल्ट बघायला लागतंच, रंग, गंज, सगळं. ते काम त्याने मागून घेतलं होतं. हुद्दा खालचा, वरचे हसले. "टब हलत नाही, मी काय करू?"

तिने पडदा जमिनीवर पसरला. सगळ्या रेघा उलगडल्या. खडूने एक नवी आखली, कात्री हातात घेतली, थांबली, मग चालवली. किती खिडक्यांचं कापड एका बाजूला गळून पडलं.

खोलीभर हिरवे दोरे झाले. एक उडून गच्चीतल्या टबाच्या मातीत पडला होता. सवयीने नवरा तो उचलायला वाकला, बोटं पोचायच्या आत थबकला. मग गुडघ्यांवर बसून, नाक जवळ नेऊन, दोरा की कोंब ते तो बराच वेळ नुसता बघत राहिला.