नाही म्हणणारा बोर्ड

मी एक जुना चार्जिंग बोर्ड आहे. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, एका कोपऱ्यात करपलेला. मित्रांनो, माझी कीव करू नका. बॅटरी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांची कीव घेऊन मी काय करू?

एका बाईने मला बंद पडलेल्या पॉवर बँकेतून उपटलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि घरी आली की स्वतःला मोठी शास्त्रज्ञ समजते. तिच्या वडिलांचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळा पडला होता. डॉक्टरांनी अंगठ्याला व्यायाम सांगितला, तर बाबा व्यायामाचा चेंडू पलंगाखाली लाथाडत. म्हणून तिने लाकडी डबीत पडदा, बटणं, चपटी बॅटरी आणि मला बसवलं आणि हातात धरून खेळायचं यंत्र केलं. बाबा त्यात रमले.

बॅटरी भरली की वीज थांबवायची आणि ती फार उतरली की खेळ बंद करायचा, एवढं माझं काम. पण कदर कुणाला!

"अगं, जिंकतच होतो मी! कुणी बंद केलं हे?" बाबा खेकसले.

"बोर्ड जुना झालाय, बाबा. बदलते."

नवा बोर्ड तिने कशावरून निवडला? डबीच्या भोकात नेमका बसतो म्हणून! तो निळा गुळगुळीत ठोंब्या बॅटरी भरायचा तेवढा, ती किती उतरली ते बघायची त्याला अक्कलच नव्हती. माझी रवानगी बाबांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर, स्क्रूंच्या डबीत झाली.

आता डाव तुटेना. बाबा खूश, लेक खूश. बॅटरीचा मात्र रोज शेवटचा थेंब पिळला जात होता. ती फुगू लागली आणि यंत्राचं मागचं झाकण उचललं गेलं. यावर आमच्या शास्त्रज्ञबाईंनी काय करावं? स्क्रू आवळले! पोट फुगलेल्या माणसाचा पट्टा आवळावा तसे. मी डबीत पडल्या पडल्या कपाळ बडवून घेतलं असतं, पण मला कपाळ नाही.

"पोरी, उशी गरम का लागतेय गं?" एका दुपारी बाबांनी विचारलं. यंत्र उशीखाली चार्जिंगला होतं.

तिने वायर उपटली, यंत्र गॅलरीतल्या लोखंडी बादलीत टाकलं आणि दारातच मटकन बसली. मलाही भीती वाटली होती, हे कबूल करतो.

मी खेळ का तोडायचो ते तिला तेव्हा उमगलं. मग नवी बॅटरी आली आणि मी परत जागेवर आलो. माफी कुणी मागितली नाही.

मित्रांनो, वस्तू बंद पडली की तिला आधी शिव्या घालू नका. ती का थांबली ते बघा. तुम्ही बघणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

आजही ऐन रंगात आलेला डाव मी तोडतो. बाबा चिडतात, मला मेल्या म्हणतात आणि त्याच लुळ्या अंगठ्याने बटण दाबत सुटतात. आता तो चांगला जोरात दाबला जातो.

दाबा म्हणावं. मी दाद देणार नाही.