सहावं बोट

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा खच पडला होता, माणसं कठड्याला लोंबकळत होती. आत, माझ्या गेलेल्या भाच्याच्या खोलीत, सगळ्यांच्या माना एका संगणकाकडे वळल्या होत्या. कुणी माऊसला हात लावला नव्हता, तरी पडद्यावरचा बाण आपोआप सरकला. एक कोरं पान उघडलं आणि त्यावर अक्षरं उमटू लागली.

"आई, जेवलीस का?"

खोलीभर हुंदके फुटले. पुढे बसलेल्या वहिनींनी पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जेवले रे बाळा."

शेजारी निरोपबाबा डोळे मिटून बसले होते. मेलेल्यांचे निरोप आणतात म्हणून ते निरोपबाबा. दोन्ही हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे. मधूनच एक डोळा किलकिला करून किती माणसं रडतात ते बघायचे. मग प्रवचन. आत्मा म्हणजे लहर, इंटरनेट म्हणजेही लहर, लहरीला लहर भेटली की संवाद घडतो, विज्ञानाने आता हे मान्यच केलंय! मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. असलं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी भोपळा दिला असता. इथे मात्र डॉक्टर आणि वकील माना डोलावत होते.

गुंड्या मोटारसायकलच्या अपघातात गेला. माझा भाऊ त्याच्याही आधी गेलेला, त्यामुळे वहिनींना तोच एक होता. तो गेला तेव्हा त्याचा संगणक चालू होता. वहिनींनी तो कधी बंद केलाच नाही. त्याने उघडलेल्या खिडक्या तशाच हव्यात, त्याची बोटं फिरली ती कळ आपण कशी दाबायची, असं त्यांचं म्हणणं. संगणक अपडेटसाठी बंद करून चालू करा म्हणायचा, त्या नको म्हणायच्या. पासवर्डही तोच, गुंड्या आणि त्याचं जन्मसाल, सगळीकडे एकच. मी वरच्या मजल्यावर राहते. म्हटलं, बाईचं दुःख आहे, राहू दे.

पण आता गोष्ट दुःखाची राहिली नव्हती. वहिनींच्या छातीत गाठ निघाली होती. सर्जनने बजावलं होतं, वेळ घालवू नका, आत्ता काढली तर बऱ्या व्हाल. वहिनी तयारही झाल्या होत्या. आणि त्याच सुमाराला गुंड्या "बोलू" लागला. आधी चौकशी, मग आठवणी, मग म्हणे निरोपबाबांना बोलाव. बाबा आले, त्यांच्यामागून मंतरलेल्या पाण्याच्या बाटल्या आल्या, आणि ऑपरेशनची तारीख पुढे पुढे जात राहिली. ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसेही बाबांच्या केंद्राकडे निघाले होते. मी डोकेफोड केली की वहिनी एवढंच म्हणायच्या, "वन्सं, त्याला विचारून ठरवते."

मला एक गोष्ट खटकली. या आत्म्याला सगळं कळायचं. आईने पांढरी शाल घेतलीय हे कळायचं, दुपारी ती रडली हे कळायचं. पण फक्त त्या खोलीतलं. स्वयंपाकघरात आम्ही काय बोललो ते त्याच्या गावीही नसायचं. परलोकातून दिसतं आणि मधल्या भिंतीपलीकडचं दिसत नाही, असा कसला हा आत्मा? शिवाय पडद्याच्या वरच्या कॅमेऱ्याशेजारी एक बारीक दिवा जळत असायचा. गुंड्या असताना तो दिवा फक्त मित्रांशी बोलताना लागायचा.

एका दुपारी वहिनी झोपल्या असताना मी त्या खोलीत गेले. बंद फोन कानाला लावला आणि मोठ्याने खोटंच बोलले. म्हटलं, आमच्या गुंड्याला जन्मतः डाव्या पायाला सहा बोटं होती, लहानपणीच एक कापून टाकलं, पोर किती रडलं होतं! एवढं बोलून फोन खिशात टाकला आणि वर निघून आले.

पुढची बैठक भरली. बाण सरकला. जेवलीस का झालं. बाबा पुटपुटले, "विचारा माई, ऑपरेशनचं विचारा." वहिनींनी विचारलं. अक्षरं उमटली.

"नको आई. लहानपणी माझं पायाचं सहावं बोट कापलं, तेव्हा किती दुखलं होतं. तू काही कापून घेऊ नकोस. पाणी घे."

लोक गहिवरले. वहिनी मात्र पडद्याजवळ वाकल्या. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी न्हाऊमाखू घातलंय त्याला. त्याला पाचच बोटं होती."

बाबांनी डोळे उघडले. म्हणे, लहरीत व्यत्यय आला. मी कपाटामागे गेले आणि इंटरनेटची वायर उपटली. बाण जागच्या जागी थिजला. वायर पुन्हा खोचली, जरा वेळाने बाण पुन्हा वळवळू लागला. मी सगळ्यांना म्हटलं, "बघून घ्या, आत्म्याला वायर लागते."

मग मी पुढे बसले आणि एकेक उलगडून दाखवलं. लांब बसून दुसऱ्याचा संगणक चालवता येतो, तसा एक प्रोग्राम यात घातलेला होता. कॅमेऱ्यातून तो माणूस खोली बघत होता, माइकमधून ऐकत होता, आणि तिकडून टाइप करत होता. बाबांचे हात मांडीवर राहणारच, राबणारे हात दुसरीकडे होते. प्रोग्राम आत कसा आला ते वहिनींनीच सांगितलं. एकदा पडद्यावर लाल चौकट आली होती, भोंगा वाजला होता, सगळं पुसलं जाईल, या नंबरवर फोन करा. गुंड्याचे फोटो जातील म्हणून त्या घाबरल्या आणि फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. त्याने सांगितलेला प्रोग्राम यांनी संगणकावर डाउनलोड करून घेतला, पडद्यावरचे आकडे वाचून दाखवले, आणि रडत रडत मुलाची सगळी कहाणीही त्यालाच सांगितली. तो म्हणाला, संगणक मुळीच बंद करू नका. या तर नाहीतरी करणार नव्हत्याच. एका पासवर्डावर गुंड्याची पत्रं, फोटो, लाडाची नावं, सगळं त्याला आयतं मिळालं.

वायर खोचायच्या गडबडीत बाबा कधी निसटले ते कुणाला कळलं नाही. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. लोक पांगले. जाता जाता एक बाई मला म्हणाली, तुम्हाला काय मिळालं हे करून? निदान तिचा मुलगा तिच्याशी बोलत होता.

वहिनींनी त्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने संगणक बंद केला. मला हात लावू दिला नाही. पंख्याचा आवाज थांबला तशा त्या जमिनीवर बसल्या आणि अपघाताच्या दिवशी रडल्या होत्या तशा रडल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्जनकडे गेलो. त्यांनी नव्या तपासणीचे फोटो बराच वेळ पाहिले आणि मला बाहेर बोलावलं. रोग पसरला होता. आता कापून उपयोग नव्हता.

शेवटच्या दिवसांत मी वहिनींच्या उशाशी बसायचे. एकदा त्या माझा हात धरून म्हणाल्या, "वन्सं, गुंड्याने जन्मात कधी मला विचारलं नाही, आई जेवलीस का म्हणून. तेव्हाच कळायला हवं होतं मला."

वहिनी गेल्या. म्हणून हे लिहिते आहे, आणि शाळेत सांगायचे तसंच सांगते. यंत्र अचानक ओरडायला लागलं तर ते ज्या नंबरवर बोलावतं तिथे फोन करू नका, आधी इंटरनेटची वायर काढा आणि ओळखीच्या जाणकाराला विचारा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून काही डाउनलोड करू नका, आकडे वाचून दाखवू नका. अपडेट टाळू नका. सगळ्या कुलपांना एकच किल्ली ठेवू नका. आणि जिवापाड जपलेल्या फोटोंची एक प्रत दुसरीकडे ठेवा. ती असती तर त्या भोंग्याला घाबरायचं वहिनींना कारणच नव्हतं. मेलेलं माणूस कुठल्याही वायरीतून परत येत नाही. वायरीतून येतो तो जिवंत माणूसच असतो, आणि त्याला काय हवंय ते रडायच्या आधी विचारा.