हिरव्या खुणेचा मोबाईल

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. भंडारा जिल्ह्यात कोण कोणाचा कोण, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. इथले सगळे आजे-पणजे माझ्या पोटात आहेत! आता खरं सांगायचं तर ते पोट फुगलंय. म्हणजे बॅटरी फुगलीय, आणि मागचं झाकण रबरानं बांधून ठेवलंय.

माझे स्वतःचे आईबाप कोण, ते मात्र विचारू नका. खोक्यावर नुसता एक लांबलचक नंबर होता. तुमसरच्या दुकानात काचेआड उभा असताना धनंजयनं मला पाहिलं आणि मोहाडीला आणलं. पहिल्या दसऱ्याला त्याच्या आईनं माझी पूजा केली. कुंकू नेमकं माइकच्या भोकात गेलं. तेव्हापासून माझ्यावरून बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे सर्दी झाल्यासारखा जातो.

धनंजयचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. माणसं पांगली, कुणी पुनर्वसनात, कुणी नागपुरात, कुणी जावयाच्या दारात. भिंतीला भिंत लावून राहिलेले लोक एकमेकांचा पत्ता विचारू लागले. म्हणून धनंजयनं माझ्यावर 'आपली माणसं' नावाचा ग्रुप काढला. कुणी विचारायचं, "माझ्या आजीच्या भावाची पोरं सध्या कुठं आहेत?" ठाऊक असेल त्यानं सांगायचं. धनंजय चौकशी करायचा, आणि पक्कं असलं की उत्तराखाली हिरवी खूण ठोकायचा. त्या खुणेवर लोक सातबाऱ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवायचे.

माझ्यामुळे ताटातूट झालेल्या बहिणी भेटल्या. दोन सख्खे भाऊ भेटले आणि लगेच बांधावरून भांडलेही. माझी फार तारीफ झाली. मग एकानं आपल्या गाईचा फोटो टाकून तिचा बाप विचारला. पुनर्वसनातल्या म्हाताऱ्या ताराचंद आबाजींनी सांगितलेला बाप कुणी मानेना, त्यावर ते इतके भडकले, इतक्या शिव्या लिहिल्या, की धनंजयनं त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या ईश्वरभाऊंच्या हर्षाचं साक्षगंध होतं. हर्षा आणि बपेऱ्याचा अमर एकाच शाळेत शिकवायचे. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरच्यांना मोठ्या मुश्किलीनं मनवलं होतं. अमरला वडील नव्हते, मामा भैय्याजी हेच घरातले मोठे. भैय्याजींनी आठवडाभर आधी ग्रुपवर विचारलं होतं, "मुलीचा आजा चिंधू कसा माणूस होता?" ताराचंद आबाजींनी लिहिलं, "लाखात एक. चिंधू आणि अमरचा आजा लहानू हे भाऊभाऊ." धनंजय तेव्हा पोहे खात होता. तेलकट अंगठ्यानं त्यानं हिरवी खूण ठोकली.

आठवडाभर न उघडलेलं ते उत्तर भैय्याजींनी वाचलं भर मंडपात, अंगठी हातात असताना.

"थांबा! हे तं बहीणभाऊ आहेत!"

ताशेवाल्याच्या काड्या हवेतच राहिल्या.

"का बोलून राहिले भैय्याजी?" ईश्वरभाऊ उठले. "माह्या बापाले भाऊच नव्हता!"

"तुमाले काय माहीत? तुमी तवा पैदा झाले होते का?"

"आडनाव वेगळं आहे ना जी!"

"दत्तक गेला असन! हे पाहा, हिरवी खूण आहे!"

आता सगळा मंडप धनंजयकडे बघत होता, आणि धनंजय माझ्याकडे. हर्षानं अमरकडे पाहिलं. अमरनं मान खाली घातली.

"लाव त्या ताराचंदले फोन," ईश्वरभाऊ म्हणाले.

"त्यायले... काल काढलं म्या ग्रुपातून."

"काहून बे?"

"गाईपायी."

त्यानं फोन लावला. आबाजींनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. भैय्याजींनी अंगठी डबीत ठेवली आणि जीपवाल्याला हाक मारली. इकडे माझी बॅटरी लाल झाली. माझ्या पोटात इतके आजे असून त्यातला एकही कामाचा नव्हता. मित्रांनो, एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात हर्षानं पदर खोचला, धनंजयच्या हातून मला हिसकावलं, आणि स्पीकर लावून स्वतः फोन केला. या वेळी आबाजींनी उचलला.

"धनंज्या, लेकाच्या! त्या गाईचा बाप माहाच गोऱ्हा होता! मले काढते?"

"आबाजी, गाईचा बाप मंग पाहू!" हर्षा ओरडली. "आदी माह्या आज्याचं सांगा! चिंधू अन् लहानू सख्खे भाऊ होते का?"

"सख्खे कायचे? गावनात्यानं भाऊ! आमच्या गावात सारेच भाऊ होते. लहानू मले मामा म्हणे, त्याची बायको मले भाऊ म्हणे, अन् त्याचा पोरगा मले आजा म्हणे. आता सांग, मी कोण?"

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. भैय्याजी मात्र डबी धरून उभेच.

"रक्ताचं नाही ना? पक्कं?" त्यांनी मला तोंडाशी धरून विचारलं.

"रक्ताचं असतं तं इतके गोडीनं राहिले असते का बावा?"

हे भैय्याजींना पटलं. त्यांनी डबी उघडली, ताशा वाजला, आणि त्याच आवाजात मी बंद पडलो.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. म्हाताऱ्या माणसाला ग्रुपमधून काढण्याआधी एकदा फोन करा. खूण ठोकण्याआधी पोहे संपवा. आणि जुन्या मोबाईलला मंगलकार्याच्या दिवशी तरी पोटभर चार्ज करा. आम्ही बोलत नाही, पण आमच्यावर लोकांच्या सोयरिकी टांगलेल्या असतात.

गडबडीत हर्षानं मला मानपानाच्या ताटात ठेवलं, टोपी-उपरण्याशेजारी. ते ताट वराच्या मामाचं होतं. मामाला दिलेला मान परत कसा मागायचा, म्हणून ईश्वरभाऊंनी धनंजयला गप्प बसवलं. मी आता बपेऱ्यात आहे. भैय्याजी मला रोज चार्ज करतात आणि ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक उत्तराला हिरवी खूण देतात. काल धनंजयनं नव्या नंबरावरून ग्रुपमध्ये घ्यायची विनंती पाठवली. भैय्याजींनी 'ओळख पटत नाही' असं लिहून ती नाकारली.